हुदहुद छाप तुपाचा तक्ता

एककांचं रूपांतर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! अलेक्झांड्रियाच्या इंजिनियरिंग कॉलेजात पोरं मला 'चालतंबोलतं कोष्टक' म्हणायची. पौंडाचे किलो, फुटाचे मीटर, काय वाटेल ते विचारा, झोपेतून उठवून विचारा, दशांशचिन्हासकट उत्तर! या फिक्रीच्या हातून एका अख्ख्या गावाच्या ईदचा दगड होईल, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर मी आधी त्याचं वजन पौंडांत सांगितलं असतं आणि मग त्याला हाकलून दिलं असतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा, डोक्यावर भरगच्च केस (फोटो आहे, कधीही दाखवीन!) आणि नोकरी मिन्यत अल-तूतच्या तेल-साबणाच्या कारखान्यात. त्या गावाला तेव्हा दोनच वास होते. सकाळी भाजलेल्या सरकीचा, संध्याकाळी साबणाचा. मला आजही कुठे सरकीची पेंड दिसली की मी थांबतो, नाक वर करून उभा राहतो, आणि बायकोला वाटतं मला चक्कर आली.

आमच्या कारखान्यात हुदहुद छाप तूप व्हायचं. डब्यावर तुरेवाला हुदहुद पक्षी, खाली हिरवी पट्टी. सरकीचं तेल मोठ्या बंद पातेल्यात तापवायचं, त्यातून हायड्रोजन वायू सोडायचा, की तेल हळूहळू घट्ट होत जातं. वायू कमी पडला तर तेलाचं तेलच राहतं. जास्त झाला तर मेणबत्ती! सगळी कला काय ती मधल्या टप्प्यावर थांबण्याची.

ही कला आमचे मुख्य कारागीर, म्हणजे 'उस्ता', बयूमींच्या हातात होती. तीस वर्षं त्या एकाच पातेल्याशी संसार! ठेंगणे, रुंद, मिशा साबणाच्या फेसासारख्या पांढऱ्या. मापकाचा काटा बघायचेच ते, पण त्याआधी वायूच्या नळीला कान लावायचे. "आज बाई गुणगुणतेय," म्हणाले की समजायचं, तूप झकास होणार.

मापक इंग्रजांच्या काळातला होता. त्यावर आकडे होते पौंड-मोल दर तासाला. आता मोल म्हणजे काय, तर घाबरू नका. अंडी डझनानं मोजतात ना, तसे वायूचे रेणू मोलांनी मोजतात. फक्त हा डझन फार म्हणजे फारच मोठा! त्यातही पौंड-मोल ही लहान करंडी आणि किलोमोल ही मोठी करंडी. एका मोठ्या करंडीत साधारण सव्वादोन लहान करंड्या बसतात. हुदहुद तुपाला तासाला साठ लहान करंड्या वायू लागायचा. साठ! बयूमींना बाकी काही वाचायची गरजच नव्हती.

त्या वर्षी रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्या मापकाचा काटा जो आडवा पडला तो उठेना. तीन दिवसांनी पूर्व जर्मनीहून मागवून ठेवलेला नवा मापक गोदामातून काढला. चकचकीत, काचेचा, आणि आकडे किलोमोल दर तासाला! आमचे डायरेक्टर लमलूमसाहेब यांनी मला बोलावलं. हा माणूस रोजा धरला की संध्याकाळपर्यंत फक्त ओरडण्यावर जगायचा.

"फिक्री! ईदला बारा दिवस उरलेत. गावात तुपाचा एक डबा नाही. घरोघरी ईदच्या काहक भाजायच्या आहेत. आणि हे जर्मन यंत्र वेगळीच भाषा बोलतंय! जुन्याचं नव्यात करून द्यायला किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं, साहेब!"

"दोन मिनिटंच?"

"एक मिनिट पाणी प्यायला धरलं होतं, साहेब. पण रोजा आहे. म्हणजे एकच!"

लमलूमसाहेब हसले. रमजानात ते हसले ही बातमी दुपारपर्यंत साबणखात्यात पोचली.

खरं तर काम एका आकड्याचं होतं. साठ भागिले सव्वादोनला थोडं कमी, म्हणजे सत्तावीस. कागदाच्या चिठोऱ्यावर 'सत्तावीस' लिहून बयूमींच्या हातात दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती! पण मी होतो चालतंबोलतं कोष्टक. मी एक ते दीडशेपर्यंत प्रत्येक आकड्याचा तक्ता केला! दीडशे ओळी! पुठ्ठ्यावर, काळ्या शाईनं, लाल समासासकट. आकडे आपले नेहमीचे, अरबी. पण मथळे मी इंग्रजीत लिहिले. का? तर शास्त्र जरा शास्त्रासारखं दिसावं म्हणून! आणि इंग्रजी मथळे म्हटल्यावर तक्ताही इंग्रजी वळणानंच झाला. डाव्या रकान्यात जुनं पौंड-मोल, उजव्यात नवं किलोमोल.

तक्ता भिंतीवर लावला. बयूमी समोर उभे राहिले. पुस्तकांच्या दुकानात एखादा पैलवान उभा राहावा तसे.

"माशाल्ला, साहेब. लग्नाच्या आमंत्रणासारखा झालाय."

"समजला ना, उस्ता?"

"आकडे समजतात. वरचं ते फिरंगी तेवढं समजत नाही. पहिला रकाना जुना आणि दुसरा नवा, असंच ना?"

"अगदी बरोबर! पहिला जुना, दुसरा नवा."

"म्हणजे पहिल्या रकान्यात साठ शोधायचा, आणि शेजारचा आकडा नव्या यंत्रावर लावायचा."

"वा, उस्ता! तुम्हाला तर कॉलेजात घ्यायला हवं!"

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षांच्या अनुभवाच्या पाठीवर माझ्या दीड वर्षाच्या नोकरीची थाप! आठवलं की आजही हात खिशात घालतो.

दुसऱ्या दिवशी पातेलं सुरू झालं. तासाभरानं बयूमी माझ्या खोलीच्या दारात.

"साहेब, जरा येता का? बाई आज गुणगुणत नाही. किंचाळतेय."

मी गेलो. नळीतून खरोखरच शिट्टीसारखा आवाज येत होता.

"नवा मापक आहे, उस्ता. नवा आवाज यायचाच."

"आकडाही फार मोठा वाटतो."

"नवं एकक आहे! नव्या एककात आकडे वेगळेच असतात. तक्त्यातलाच आकडा लावलाय ना?"

"हो, तक्त्यातलाच."

"मग झालं तर!"

मापकाकडे मी एकदा तरी बघायला हवं होतं की नाही? नाही बघितलं! मी तक्त्याकडे बघत होतो. फार सुंदर दिसत होता तो भिंतीवर.

आता तुम्ही म्हणाल, तूप तपासत नव्हते का? तपासायचे! पण प्रयोगशाळेतल्या दोन्ही बाया ईदच्या तयारीसाठी रजेवर होत्या. त्यांच्या जागी सही कुणी केली? मीच. "मी आहे ना!" हे शब्द उच्चारून! नमुना कढत होता, पातळ दिसत होता, वासाला छान होता. चाखणार कोण? सगळ्यांचे रोजे! कढत तूप डब्यांत गेलं, झाकणं बसली, आणि चौथ्या दिवशी सहकारी भांडाराच्या दारात रांग लागली. निम्मे डबे गावात गेले, निम्मे गोदामात राहिले.

दोन डबे मीही घेतले. माझा साखरपुडा इन्साफशी ठरलेला, आणि आमच्याकडे सणाला होणाऱ्या जावयानं सासरी भेट न्यायची असते. भेटीपेक्षा भीती मोठी होती. इन्साफचे वडील उस्ताद मुंतसिर शाळेत अरबी व्याकरण शिकवायचे आणि घरीसुद्धा ग्रंथातल्यासारखेच बोलायचे. आई सित्त तफीदा (सित्त म्हणजे बाई) यांना डॉक्टर जावई हवा होता. नाडी तपासणारा हवा, आणि मिळाला नळ्या तपासणारा!

"हे कुमार, तुझ्या आगमनाने गृह प्रसन्न झाले," उस्ताद मुंतसिर म्हणाले.

सित्त तफीदांनी डबे हातात घेऊन वजन अजमावलं. "तूप तूच केलंस म्हणे?"

"माझ्या देखरेखीखाली, तांत! खास नव्या यंत्रावर." (तांत म्हणजे मावशी.)

"बघू," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'मध्ये परीक्षेचा हॉल, घंटा आणि पर्यवेक्षक, सगळं होतं.

सित्त तफीदांच्या काहक म्हणजे गावाचं भूषण. काहक कशी असते? तुमच्या नानकटाईची थोरली, गोरीपान बहीण समजा. आत खजूर नाहीतर अक्रोड, वर चिमट्यानं काढलेली नक्षी, आणि त्यावर पिठीसाखरेचा थर. तोंडात टाकली की दातांना कळायच्या आत गेली पाहिजे! ईदला तीन दिवस असताना गल्लीतल्या साऱ्या बाया त्यांच्या ओसरीवर जमल्या. मलाही बोलावणं होतं, तूप माझं म्हणून. मी ऐटीत खुर्चीवर बसलो.

डबा शेगडीजवळ ठेवून वितळवला होता. सित्त तफीदांनी कडकडीत तुपाचं मोहन पिठात ओतलं. चर्र आवाज झाला, वास सुटला, बायांनी पीठ चोळायला घेतलं. सगळं ठीक! मग पीठ निवायला लागलं.

"अगं बाई," शेजारीण म्हणाली, "माझा चिमटा अडकला."

"ओढ."

"ओढतेय! पीठ सोडत नाही!"

दुसरीचा गोळा फुटला. पडला नाही हं, फुटला! टाळ्यांसारखा आवाज झाला. सित्त तफीदांनी माझ्याकडे बघितलं.

"थंडी पडलीय," मी म्हणालो. ऑक्टोबरची दुपार होती. पंखे फिरत होते.

बायांनी पीठ शेगडीजवळ नेऊन मऊ केलं, घाईघाईनं काहक वळल्या आणि पत्र्याची ताटं डोक्यावर घेऊन भट्टीवर रांग लावली. भट्टीवाला मुअल्लिम दुस्सूकी, हातभर लांब फळी घेऊन ताटं आत सारणारा माणूस. काहक बाहेर आल्या तेव्हा अशा देखण्या की दुस्सूकी स्वतः म्हणाला, "यंदाच्या काहकचा फोटो काढावा!" चव बघता येईना. रोजा सोडायची तोफ व्हायला दोन तास होते.

तोफ झाली. खजूर, पाणी, डाळीचं सूप. मग सित्त तफीदांनी ताट आणलं आणि पहिली काहक उस्ताद मुंतसिरांना दिली. त्यांनी ती दाढांमध्ये धरली. कट्! आवाज आला. पण तो काहक तुटल्याचा की दुसरं काही तुटल्याचा, हे कुणाला कळेना. मग ते चघळू लागले. चघळतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा भारावलेत," इन्साफ माझ्या कानात म्हणाली.

ते भारावले नव्हते! त्यांच्या टाळूवर मेणाचा थर बसला होता. जन्मभर एक-एक उच्चार तासून बोललेला तो माणूस, आणि तोंडातून फक्त "म्म... ब्ब..." असं येत होतं. शेवटी कढत चहाचे दोन पेले रिचवून त्यांनी जीभ सोडवून घेतली आणि म्हणाले,

"कन्ये, हा पदार्थ भक्ष्य नसून स्थापत्य आहे."

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. सगळ्या घरांतून बाया ताटं घेऊन भट्टीकडे निघाल्या होत्या.

"दुस्सूकी! काहक भाजल्यास की विटा?"

"माझी भट्टी तीच, आग तीच! पीठ बघा तुमचं!" दुस्सूकी फळी आडवी धरून ओरडला.

मग मोर्चा पिठाच्या दुकानावर. पीठवाला म्हणाला, साखर खराब. साखरवाला म्हणाला, यीस्ट. कुणीतरी म्हणालं, अक्रोड परदेशी आहेत, त्यात काहीतरी कालवलंय. तुपाचं नाव मात्र कुणी घेईना. हुदहुदवर गावाचा एवढा विश्वास! मी मधे उभा राहून सगळ्यांच्या बोलण्याला मान हलवत होतो. पिठावर हलवली, साखरेवर हलवली, अक्रोडावर तर जोरात हलवली.

परत आलो तर सित्त तफीदा दुसरा डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी त्यात डाव घातला. डाव वाकला. मग बोटाच्या मागच्या बाजूनं तुपावर टकटक केलं, दारावर करतात तशी.

"फिक्री, बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "हे आतून उघडायचं असतं का?"

इन्साफ हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

सकाळी पहिल्या पाळीलाच मी पातेल्यापाशी पोचलो. बयूमी खाली मान घालून बसले होते. त्यांच्याही घरी काहक झाल्या होत्या.

"उस्ता, मापकावर किती लावला होता?"

"तक्त्यातलाच, साहेब. एकशे बत्तीस."

"एकशे बत्तीस! सत्तावीस लावायचा होता! एकशे बत्तीस कुठून आणला?"

"इथून." ते उठले. तक्त्यासमोर गेले. आणि त्यांनी बोट ठेवलं, उजव्या रकान्यावर. "हा पहिला रकाना. यात साठ शोधला. हा बघा साठ. मग शेजारच्या दुसऱ्या रकान्यात गेलो." बोट उजवीकडून डावीकडे सरकलं. "एकशे बत्तीस."

आम्ही उजवीकडून डावीकडे वाचणारी माणसं! जन्मल्यापासून! पहिला म्हणजे उजवा, हे बाळसुद्धा सांगेल. एक मीच शहाणा, कॉलेजच्या पुस्तकांनी माझा 'पहिला' डावीकडे नेऊन ठेवला होता. त्यांनी विचारलं, पहिला जुना ना? मी म्हणालो, हो, पहिला जुना. दोघेही खरं बोलत होतो! पातेल्यात मात्र जवळजवळ पाचपट वायू गेला.

"मी दोनदा विचारलं होतं, साहेब," बयूमी म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगितलं.

दहा वाजता लमलूमसाहेबांनी दोघांनाही उभं केलं. टेबलावर एक काहक होती. त्यांच्या घरातली.

"माझ्या आईनं ही भिंतीवर फेकून मारली," ते म्हणाले. "भिंतीचा पोपडा निघाला! कोण जबाबदार?"

मी तोंड उघडणार, तोच बयूमी म्हणाले, "मी, साहेब. तक्ता उलटा वाचला."

"वाटलंच! अडाणी माणसाच्या हातात जर्मन यंत्र दिलं की असंच व्हायचं. आजपासून पातेल्याला हात लावायचा नाहीस. जा, गेटवर बस!"

मी गप्प होतो. खरं सांगतो, लाज वाटते, पण मी गप्प होतो. मनात एक हिशेबी आवाज म्हणत होता, त्यांनीच कबूल केलंय, तुझं लग्न व्हायचंय, सित्त तफीदांच्या 'बघू'ला काय उत्तर देणार आहेस? बयूमींनी टोपी काढली, हातात घेतली आणि दाराकडे वळले. नळीला लावायचे त्या कानावर तेलाचा काळा डाग होता. तीस वर्षांत धुतला न गेलेला.

"साहेब!" माझा आवाज इतका चिरका आला की लमलूमसाहेब दचकले. "त्यांनी उलटं वाचलं नाही. मी उलटं लिहिलं. मथळे इंग्रजीत लिहिले ते दिखाव्यासाठी. त्यांनी दोनदा विचारलं, आणि मी मापकाकडे बघितलंसुद्धा नाही. प्रयोगशाळेची सहीपण माझीच आहे!"

लमलूमसाहेब काहककडे बघत होते. बहुतेक ती माझ्या डोक्याच्या किती लांबून मारावी, याचा अंदाज घेत होते.

"ईद तीन दिवसांवर, नाही, दोन दिवसांवर आलीय, फिक्री. तुला मी नंतर मारीन. आधी हे सांग, आता करायचं काय?"

कोष्टकात याचं उत्तर नव्हतं. दारातून बयूमी म्हणाले, "घट्ट झालंय ना? मग पातळ मिसळायचं. आमटी घट्ट झाली तर बाया काय करतात?"

एवढं सोपं! त्यांनी गोदामातला एक डबा फोडून वितळवला, त्यात सरकीचं साधं तेल ओतत गेले, थंड केलं, बोटांत चोळलं, पुन्हा ओतलं. दुपारपर्यंत हिशेब लागला. एक भाग दगड, चार भाग तेल. तूप असं झालं, लोण्यासारखं!

संध्याकाळी मी तक्ता काखेत मारून सासरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. उस्ताद मुंतसिरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, दीडशेच्या दीडशे ओळी तपासल्या आणि खाली लिहिलं: 'गणित, दहापैकी दहा. मथळे, शून्य. अहंकार, विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण.'

सित्त तफीदा एवढंच म्हणाल्या, "तेल कुठे मिळेल?" आणि मग, "अंगठीचं ईदनंतर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहकारी भांडारासमोर अख्खं गाव जमलं. कारखान्यानं तेलाची पिंपं पाठवली होती. भांडाराचा कर्णा माझ्या हातात दिला.

"बंधूंनो, भगिनींनो! एक किलो तुपाला चार किलो तेल..."

"किलो कुणाकडे आहे?" मागून एक बाई ओरडली. "माझ्याकडे रतलाचं माप आहे!"

"हरकत नाही! एक रतल म्हणजे चारशे एकोणपन्नास ग्रॅम. तेव्हा आधी तुपाचे ग्रॅम करा, मग..."

"आणि माझ्याकडे नुसता पेला आहे!"

"पेल्याचं आकारमान गुणिले तुपाची घनता..."

गर्दीतून कुणीतरी कोपरांनी वाट काढत आलं. सित्त तफीदा! त्यांनी कर्णा माझ्या हातातून हिसकावून घेतला.

"अगं ए, एकाला चार! रतल घ्या, पेला घ्या, नवऱ्याची टोपी घ्या! एकाला चार! ऐकू आलं?"

ऐकू आलं. गाव हसत-हसत पिंपांकडे गेलं. मी तिथेच उभा. बयूमी शेजारी येऊन हळूच म्हणाले,

"साहेब, तो तुमचा पौंड म्हणजे साधारण आपला रतलच ना?"

"हो. जवळजवळ तेवढाच."

"आणि नवं यंत्र किलोचं?"

"किलोचं."

"मग 'जुनं रतलाचं, नवं किलोचं' एवढंच सांगायचं होतं ना! रतलाचे किलो केले की आकडा लहान होतो, हे बाजारात जाणारा कोणीही सांगेल. मी कशाला एकशे बत्तीसला गेलो असतो?"

पाच वर्षं कॉलेज. दीडशे ओळी. लाल समास. आणि उत्तर भाजीबाजारात पडलेलं!

त्या एका दिवसात गावानं पुन्हा सगळ्या काहक केल्या, आणि खोटं नाही सांगत, तशा काहक मिन्यत अल-तूतनं आधीही खाल्ल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. दुस्सूकीच्या भट्टीतून पिठाचा, तुपाचा, भाजलेल्या तिळाचा वास गल्लीभर पसरला होता. सरकी आणि साबण दोन्ही त्याच्यापुढे हरले. आता त्या भट्टीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. कारखानाही बंद पडून बारा वर्षं झाली. काहक खोक्यातून येतात, वर तारीख छापलेली असते. असो.

ईदच्या दिवशी माझ्या आईनं हुकूम सोडला, गल्लीतल्या प्रत्येक घरी काहकची ताटली घेऊन जा आणि माफी माग. मी गेलो. आमच्याकडे कुणाची ताटली रिकामी परत द्यायची पद्धत नाही. त्यामुळे प्रत्येक घरानं माझी ताटली भरून परत दिली. कशानं? आधीच्या दगडी काहकनी! तेवीस घरं, तेवीस ताटल्या दगड! सगळे हसत होते, गळ्यात पडत होते, "ईद मुबारक, बाशमुहंदिस!" म्हणत होते आणि दगड भरत होते. आता गावात मी बाशमुहंदिस, म्हणजे मोठा इंजिनियर, झालो होतो. थट्टेत का होईना!

शेवटी सासरी गेलो. सित्त तफीदांनी ताटली घेतली, आत गेल्या आणि भरतकामाच्या रुमालानं झाकलेली ताटली आणून माझ्या हातात दिली. चेहऱ्यावर काही नाही.

"घरी जाऊन उघड."

आता तेवीस घरांचे दगड पोत्यात घालून खांद्यावर घेतलेल्या माणसानं काय समजायचं? मी काळजावर दगड ठेवला, अगदी चोविसावा! अंगठी गेली, इन्साफ गेली. रस्त्यातच रुमाल काढून खिशात घातला, न बघता ताटली पोत्यात उलटी केली आणि पोतं बयूमींच्या दारात नेऊन टाकलं. त्यांची म्हैस काहीही खायची.

दोन दिवसांनी पातेल्यापाशी भेट झाली. लमलूमसाहेबांनी मला शिक्षा दिली होती, सहा महिने बयूमींच्या हाताखाली! (आयुष्यातले सर्वांत सुखाचे सहा महिने, पण ते त्यांना कळू दिलं नाही.)

"साहेब, म्हशीनं तुमचं पोतं फोडलं," बयूमी म्हणाले. "दगडांना तिनं तोंडसुद्धा लावलं नाही. पण त्यात दहा-बारा मऊ होत्या हो! त्या तिनं शोधून शोधून, चाटून चाटून खाल्ल्या. त्यांवर चिमट्यानं काहीतरी अक्षर काढलं होतं. मला वाटतं, 'फ' होतं."

त्याच संध्याकाळी इन्साफ दारात भेटली. मी आधीच देऊन ठेवलेली अंगठी आईनं आता तिच्या बोटात घालू दिली होती. लाजत म्हणाली, "आईनं पहाटे उठून एकटीनं केल्या होत्या तुझ्यासाठी. कुणाला हात लावू दिला नाही. आवडल्या का रे?"

"आवडल्या?" मी म्हणालो. "अगं, जिभेवर ठेवली आणि विरघळली!"

त्यानंतर सित्त तफीदा सत्तावीस वर्षं जगल्या आणि प्रत्येक ईदला पाहुण्यांना सांगत राहिल्या, "आमच्या जावयाला चव फार!" आणि मी शेजारी बसून मान हलवत राहिलो. माझ्या सासूबाईंची क्षमा एका म्हशीनं खाल्ली, हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता इन्साफ बाजारात गेलीय, म्हणून तुम्हाला सांगितलं. ती आली की विषय बदला.